यीस्टचे 280 स्ट्रेन आणि तुटपुंजं बजेट: सिक्वेन्सिंगचा खर्च नेमका कुठे वाचतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: सिंधुदुर्ग आणि गोव्यातला बोंडूंचा रस, माडी, नाशिकच्या द्राक्षबागा आणि दोन आसवन्यांच्या टाक्या इथून गोळा केलेले यीस्टचे 280 नमुने ग्लिसरॉलमध्ये उणे 80 अंशांवर पडून आहेत. सगळ्यांचा पूर्ण जीनोम, म्हणजे डीएनएची सगळी अक्षरं, वाचायचा आहे (हेच सिक्वेन्सिंग). एका कंपनीचं कोटेशन आलं ते अंदाजपत्रकाच्या पाचपट, आणि त्यात ‘दर नमुन्यामागे किमान 2 गिगाबेस’ अशी अट. मग 280 पैकी 50 निवडून बाकीचे सोडून द्यावेत का?

सोडू नका. पण सगळे 280 पाठवूही नका. आधी त्या 2 गिगाबेसचा हिशेब करू, कारण पैसे कुठे जातायत ते तिथेच दिसतं.

सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, म्हणजे पाव आणि दारूतला नेहमीचा यीस्ट, याचा जीनोम 16 गुणसूत्रांचा, साधारण 1 कोटी 20 लाख अक्षरांचा. 1996 मध्ये तो पूर्ण वाचला गेला तेव्हा अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी कित्येक वर्षं गुणसूत्रं वाटून घेऊन काम केलं होतं. केंद्रक असलेल्या सजीवांतला तो पहिला पूर्ण जीनोम. आज 2 गिगाबेस म्हणजे 200 कोटी अक्षरं. भागाकार केला तर प्रत्येक अक्षर सरासरी 166 वेळा वाचलं जाणार. तुमच्या कामाला 40 वेळा भरपूर झालं. म्हणजे चार ताटांचे पैसे देऊन एकच ताट जेवायचं.

पण खरी मेख पुढे आहे. समजा तुम्ही घासाघीस करून ते 2 गिगाबेस अर्ध्या गिगाबेसवर आणले, तरी बिल चौपटीने उतरणार नाही. फार तर थोडं हलेल. कारण बिलाचा मोठा हिस्सा वाचण्याचा नाहीच, लायब्ररी बनवण्याचा आहे, म्हणजे डीएनएचे तुकडे करून त्यांना मशीनला वाचता येतील अशी टोकं (ॲडॅप्टर) लावण्याचा. माणसाचा एक जीनोम 30 पट वाचायला साधारण 90 गिगाबेस लागतात आणि त्यासाठी लायब्ररी बनते एक. तेवढ्याच 90 गिगाबेसमध्ये यीस्टचे 185 स्ट्रेन, म्हणजे वाण, 40 पटीने बसतात, आणि लायब्ररी लागतात 185. मशीनच्या दृष्टीने दोन्ही कामं सारखीच. हाताने करायच्या कामाच्या दृष्टीने एकास एकशे पंच्याऐंशी. कंपन्यांचे दर माणसाच्या, उंदराच्या, पिकांच्या जीनोमसाठी बेतलेले असतात, म्हणून आपल्यासारख्यांना ते अंगाबाहेर जातात. तेव्हा लायब्ररी स्वतः बनवा, सगळ्या एका नळीत एकत्र करा आणि फक्त मशीनवरची जागा विकत घ्या.

त्याआधी छाटणी. एकाच हंडीतून उचललेल्या दहा वसाहती बहुतेक वेळा एकाच स्ट्रेनच्या निघतात. तो स्ट्रेन दहा वेळा वाचण्यात काही हशील नाही. शिवाय आपोआप आंबणाऱ्या रसात पहिले एक-दोन दिवस हॅन्सेनिआस्पोरा, पिकिया अशा वेगळ्या यीस्ट-मंडळींचंच राज्य असतं. सॅकरोमायसिस मागून येतो, अल्कोहोल वाढलं की. तेव्हा आधी आयटीएस पीसीआर करा, म्हणजे जातीनुसार लांबी बदलणाऱ्या आयटीएस या डीएनए-तुकड्याच्या प्रती काढा, आयटीएस1 आणि आयटीएस4 या नेहमीच्या प्रायमरांनी (प्रती कुठून सुरू करायच्या ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे). सिक्वेन्सिंग करायचीही गरज नाही, जेलवरची लांबीच बरंच सांगून जाते: सॅकरोमायसिसचा पट्टा 850 ते 880 बेसच्या (अक्षरांच्या) आसपास, हॅन्सेनिआस्पोरा युव्हॅरमचा 750 च्या जवळ, पिकिया कुद्रियाव्झेव्हीचा 500 च्या. मग ज्यांचा पट्टा सॅकरोमायसिसच्या लांबीचा आला त्यांची इंटरडेल्टा पीसीआर, डेल्टा12 आणि डेल्टा21 या जोडीने. टीवाय ट्रान्सपोझॉन या उड्या मारणाऱ्या डीएनएचे उरलेले तुकडे जीनोमभर कुठे पडलेत त्यावरून प्रत्येक स्ट्रेनची पट्ट्यांची नक्षी वेगळी येते. एकाच ठिकाणच्या, एकाच दिवसाच्या, एकच नक्षी असलेल्या नमुन्यांतून दोन ठेवा. मात्र ठिकाण वेगळं असेल तर नक्षी सारखी दिसली तरी दोन्ही घ्या. इंटरडेल्टा इतकी बारीक नजर ठेवत नाही. बाजूला काढलेले फेकू नका, फ्रीझरमध्ये राहू द्या. तुमच्या यादीकडे बघून माझा अंदाज, 280 चे 200 च्या आत येतील. जेलवरच्या एका आठवड्यात इतकी बचत पुढे कुठेच होणार नाही.

आता डीएनए. यीस्टची भिंत हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत कंटाळवाणा भाग. एक-दोन नमुने असतील तर काचेचे मणी आणि फिनॉल-क्लोरोफॉर्म उत्तम, पण 200 नळ्या फिनॉलने करणं म्हणजे शिक्षा. खोल विहिरींच्या 96 च्या प्लेटमध्ये 1 मिली वायपीडीत (यीस्ट वाढवायचं नेहमीचं माध्यम) वाढवा. एकच रात्र, दोन दिवसांची शिळी वाढ घेऊ नका, स्थिरावलेल्या पेशींची भिंत एन्झाइमला दाद देत नाही. नंतर 1 मोलर सॉर्बिटॉल, ईडीटीए, थोडं डीटीटी आणि झायमोलायेज हे भिंत विरघळवणारं एन्झाइम, 37 अंशांवर तासभर. झायमोलायेज महाग आहे. लायटिकेज स्वस्त पडतं आणि चालतं. भिंत गेली की नाही हे पाहायला कोपऱ्यातल्या चार-पाच विहिरींतला थेंब काचपट्टीवर घेऊन त्यात 1 टक्का एसडीएस या साबणासारख्या द्रव्याचा थेंब टाका: पेशी फुटून फिकट सावल्या उरल्या तर झालं, चकचकीत गोल दिसत राहिल्या तर अजून अर्धा तास द्या. रानटी स्ट्रेन गुठळ्या करतात, त्यांना हमखास जास्त वेळ लागतो. पुढे एसडीएस आणि प्रोटिनेज के, मग पोटॅशियम ॲसिटेटने प्रथिनं खाली बसवणं, आरएनए खाणारं आरएनएज, आणि शेवटी चुंबकी मण्यांनी किंवा आयसोप्रोपेनॉलने डीएनए उचलणं.

आरएनएज विसरलात तर पुढचं सगळं कोसळतं. यीस्टच्या पेशीत आरएनए डीएनएच्या कितीतरी पट असतो आणि प्रकाश शोषण्यावरून मोजणाऱ्या नॅनोड्रॉप यंत्राला दोन्हींतला फरक कळत नाही. आमच्याकडे एका विद्यार्थ्याने प्लेटभर 150 ते 180 नॅनोग्रॅम असे सुरेख आकडे लिहून आणले होते. दुहेरी डीएनएलाच चिकटणाऱ्या रंगाने मोजलं तेव्हा खरे निघाले 6 ते 12. तेव्हा मोजायचं ते अशाच रंगावर चालणाऱ्या क्युबिटने किंवा प्लेट रीडर असेल तर पिकोग्रीनने. नॅनोड्रॉप शुद्धतेचा अंदाज घ्यायला ठेवा, प्रमाण ठरवायला नाही.

एवढा आग्रह का, ते पुढच्या पायरीत कळेल. स्वस्त लायब्ररीचा सगळा खेळ टीएन5 या ट्रान्सपोझेजवर चालतो. हे एन्झाइम डीएनए कापतं आणि कापलेल्या टोकाला त्याच दमात ॲडॅप्टर चिकटवतं. म्हणजे तुकडे करणं, टोकं सारखी करणं, जोडणं या तीन पायऱ्यांची एक होते. पण बहुतेक एन्झाइमांसारखं ते पुन्हापुन्हा काम करत नाही. एन्झाइमची एक जोडी एकदाच कापते आणि तिथेच बसून राहते. त्यामुळे तुकड्यांची लांबी ठरते ती एन्झाइम आणि डीएनए यांच्या गुणोत्तरावर. डीएनए जास्त पडला तर तुकडे लांबलचक राहतात आणि पीसीआरमध्ये वाढत नाहीत. कमी पडला तर भुगा होतो. म्हणून प्लेटमधल्या प्रत्येक विहिरीतला डीएनए आधी अर्ध्या ते एक नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटरवर आणायचा. हे काम चोख केलं तर उरलेलं सोपं. टंगळमंगळ केली तर 96 पैकी 20 लायब्ररी वाया गेल्याच म्हणून समजा.

आणि प्रमाण लहान करा. मायकेल बेम आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये ही पद्धत तपशीलवार मांडली: किटच्या पुस्तिकेत सांगितलेल्या रिॲक्शनऐवजी अवघ्या अडीच मायक्रोलिटरची रिॲक्शन, महागड्या रसायनांच्या जागी स्वस्त पर्याय, अनावश्यक पायऱ्यांना फाटा. लायब्ररीचा खर्च त्यांनी नमुन्यामागे 8 डॉलरवर आणला, किटच्या मानाने सुमारे सहावा हिस्सा, आणि 96 नमुने 5 तासांच्या आत. त्यांनी सिक्वेन्सिंग सोडून बाकी खर्चच कमी केला, हे मुद्दाम बघा. माझा सल्ला मात्र असा की पहिल्याच दिवशी अडीच मायक्रोलिटरवर उडी मारू नका. मल्टिचॅनल पिपेट 1 मायक्रोलिटरला सगळ्या टोकांत सारखं उचलतंच असं नाही, आणि एसीच्या वाऱ्यात एवढासा थेंब बघताबघता आटतो. 5 मायक्रोलिटरने सुरुवात करा, एक प्लेट नीट आली की खाली या.

टीएन5 घरी बनवावं का, हा प्रश्न हमखास येतो. त्याचं जनुक असलेला प्लाझ्मिड (डीएनएचं छोटं वर्तुळ) मिळतो, ई. कोलायमध्ये प्रथिन बनतं, कायटिनच्या स्तंभावर शुद्ध होतं, आणि एका खेपेत हजारो रिॲक्शन पुरतील एवढं निघतं. 2014 पासून ही कृती जगजाहीर आहे. पण प्रत्येक खेपेची ताकद वेगळी, तेव्हा दर वेळी प्रमाण नव्याने बसवावं लागतं, शिवाय ई. कोलायचा थोडा डीएनए सोबत येतोच. यीस्टच्या कामात तो संदर्भ जीनोमशी जुळणी करताना आपोआप गळून पडतो, जीवाणूंवर काम करणाऱ्यांची मात्र पंचाईत होते. 200 स्ट्रेनसाठी मी किट विकत घेऊन ते पुरवून वापरेन. आकडा हजाराच्या पुढे गेला, आणि प्रथिनशुद्धीचा हात असलेलं कुणी शेजारच्या लॅबमध्ये असेल, तरच घरी.

इथे माझी स्वतःची फजिती सांगतो, कारण ती अजूनही लोक करतात. टीएन5 ने ॲडॅप्टर लावल्यावर दोन धाग्यांपैकी एकात फट उरते. ती पीसीआरच्या सुरुवातीला 72 अंशांवर 3 मिनिटं ठेवून पॉलिमरेज या प्रती काढणाऱ्या एन्झाइमकडून भरून घ्यायची असते. मी नवं, महागडं, हॉट-स्टार्ट पॉलिमरेज आणलं होतं. हॉट-स्टार्ट एन्झाइम 95 अंशांचा चटका बसेपर्यंत झोपलेलं असतं! फट भरलीच नाही, धागे सुटले, आणि अख्खी प्लेट कोरी. दोन आठवडे मी डीएनएला शिव्या घालत होतो. साधं, हॉट-स्टार्ट नसलेलं एन्झाइम घ्या. पीसीआरची आवर्तनं 12 च्या आसपास ठेवा. वाढवलीत तर त्याच त्या तुकड्यांच्या प्रती वाढतात, नवी माहिती नाही.

बारकोड, म्हणजे नमुना ओळखायच्या डीएनएच्या खुणा, दोन्ही टोकांना लावायचे, आणि प्रत्येक नमुन्याची जोडी सर्वस्वी वेगळी ठेवायची. 8 आणि 12 च्या गुणाकाराने 96 जोड्या बनवणं प्रायमरांच्या खर्चात स्वस्त पडतं, पण नोव्हासेकसारख्या मशीनच्या नक्षीदार फ्लो सेलवर (ज्या काचेवर वाचन होतं ती) काही रीड्स, म्हणजे वाचलेले तुकडे, बारकोड बदलून शेजाऱ्याच्या नावावर जातात. गुणाकाराच्या पद्धतीत अशी चोरी पकडता येत नाही, वेगळ्या जोड्यांत येते. प्रायमर एकदाच विकत घ्यायचे आणि वर्षानुवर्षं पुरतात, तिथे काटकसर नको.

लायब्ररी एकत्र करताना सर्वांत जास्त पैसा नकळत वाया जातो. 200 नमुन्यांत एकाला 150 पट आणि दुसऱ्याला 6 पट असं वाटप झालं, तर सरासरी 40 येऊनही उपयोग शून्य. आधी एका छोट्या मशीनवर, कुणाच्या तरी रनमध्ये जागा मागून, सगळं मिश्रण उथळ वाचून घ्या. नमुन्यामागे काही हजार रीड्स पुरतात. कुणाच्या वाट्याला किती आले ते मोजा, त्या प्रमाणात पुन्हा मिसळा, मग मोठ्या मशीनवर जा. गिगाबेस किती मागायचे? 200 स्ट्रेन, 40 पट, म्हणजे 96 गिगाबेस. त्यावर 40 टक्के चढवा: राइबोसोमल डीएनएच्या 100 ते 200 प्रती बाराव्या गुणसूत्रावर ओळीने बसलेल्या आहेत, मायटोकाँड्रियाच्या जीनोमच्या पेशीत कित्येक प्रती, वर 2 मायक्रॉन प्लाझ्मिड, हे सगळे आपापला वाटा आधी उचलतात. झाले 135. नोव्हासेक एक्सच्या 10बी फ्लो सेलची एक लेन (तिचा एक भाग) साधारण 375 गिगाबेस देते. म्हणजे तुम्हाला लेनच्या तिसऱ्या हिश्श्याहून जरा जास्त लागते. पुण्यात एवढ्या संस्था आहेत. लेन वाटून घ्यायला कुणीतरी मिळतंच. फक्त दोघांचे बारकोड आधी ताडून बघा.

40 पट का, कमी का नको? एकगुणित, म्हणजे प्रत्येक गुणसूत्राची एकच प्रत असलेले, स्ट्रेन असते तर मी 25 म्हणालो असतो. पण तुमचे नमुने निसर्गातले, म्हणजे बहुतेक द्विगुणित, आणि त्यांत विषमयुग्मी जागा, म्हणजे दोन प्रतींत वेगळी अक्षरं असलेल्या, असणार. अशी जागा 4 वेळाच वाचली, तर चारही रीड्स एकाच बाजूचे येण्याची शक्यता आठात एक. तुम्ही तिला समयुग्मी म्हणून नोंदवून मोकळे. 10 वेळा वाचली तरी दुसरं अक्षर एकदाच दिसणं किंवा मुळीच न दिसणं शंभरात एकदा होतं, आणि अशा जागा हजारोंनी असतात. आसवनीतले स्ट्रेन त्रिगुणित किंवा चतुर्गुणित निघाले तर एखादं अक्षर चारांत एकाच प्रतीवर असू शकतं. त्यांना 60 ते 80 द्या. उलट, दोन माहीत असलेल्या पालकांच्या संकराची संतती वाचायची असेल तर एक पटीहूनही कमी पुरतं, कारण मधल्या जागा पालकांवरून भरून काढता येतात. 2022 मध्ये अशाच एका संकराची सुमारे एक लाख संतती या युक्तीने वाचली गेली. ती युक्ती रानटी नमुन्यांना लागू नाही, एवढं ध्यानात असू द्या. 

प्लॉइडीबद्दल, म्हणजे गुणसूत्रांचे किती संच आहेत याबद्दल, एक सावधगिरी. एखादं गुणसूत्र जास्त आहे का, हे कव्हरेजवरून (ते किती वेळा वाचलं गेलं त्यावरून) लगेच दिसतं; द्विगुणितात तिसरी प्रत आली की त्याची पातळी बाकीच्यांच्या दीडपट होते. पण सगळंच दुप्पट असेल तर आलेख सपाटच राहतो. सिक्वेन्सिंगला एकूण किती प्रती हे कळत नाही, फक्त एकमेकांच्या तुलनेत कळतं. विषमयुग्मी जागांवर एक तृतीयांश-दोन तृतीयांश असं प्रमाण दिसलं तर त्रिगुणिताचा सुगावा लागतो, अन्यथा पेशीतला एकूण डीएनए मोजणारी फ्लो सायटोमेट्री करावीच लागते.

नॅनोपोअर या लांब तुकडे वाचणाऱ्या तंत्राबद्दलही विचारलंत. सगळ्या 200 साठी नको. लांब रीड्सना लांब डीएनए हवा, आणि वर सांगितलेल्या प्लेटच्या पद्धतीत तो तुटतो. पण लहान रीड्सना गुणसूत्रांची टोकं नीट दिसत नाहीत, आणि माल्टोज वगैरे साखरांची जनुकं नेमकी तिथेच वसतात. म्हणून आधी सगळे लहान रीड्सने वाचा, वंशवृक्ष काढा, आणि त्यातल्या वेगवेगळ्या फांद्यांवरचे 12 ते 20 स्ट्रेन निवडून त्यांचा डीएनए हळुवार हाताने काढून एका मिनआयन (नॅनोपोअरचं छोटं यंत्र) फ्लो सेलवर चालवा. 20 स्ट्रेन 30 पटीने म्हणजे साधारण 7 गिगाबेस. चांगला फ्लो सेल एवढं देतो.

विश्लेषणावर फार लिहीत नाही, त्याची माहिती सगळीकडे आहे: फास्टपीने रीड्स साफ करणं, बीडब्ल्यूए-मेमने जुळणी, त्याच त्या प्रतींवर खुणा, मग फरक शोधायला बीसीएफटूल्स किंवा जीएटीके. चांगल्या डेस्कटॉपवर होतं, सर्व्हरची वाट पाहू नका. दोनच गोष्टी सांगतो. एक, संदर्भ म्हणून वापरतो तो एस288सी हा प्रयोगशाळेतला स्ट्रेन. तुमच्या रानटी मंडळींतली कित्येक जनुकं त्यात नाहीतच. 2018 मध्ये 1,011 स्ट्रेनचा जो अभ्यास आला त्यात सगळे मिळून 7,796 जनुकं निघाली आणि सर्वांत समान फक्त 4,940. रीड्स जुळले नाहीत म्हणून टाकून देऊ नका, त्यांची वेगळी जुळवणी करा. दोन, तो सगळा डेटा खुला आहे. तुमचे 200 त्यांच्याबरोबर एकाच झाडावर बसवा, तेव्हा कुठे माडीतला यीस्ट कुणाचा भाऊबंद ते समजेल.

आणि प्लेट उलटी फिरते, हे गृहीत धरूनच काम करा. 96 ची प्लेट अर्ध्या फेऱ्याने फिरली की ए1 च्या जागी एच12 येतं आणि दिसायला काहीच बदलत नाही. आमच्याकडे हे झालं ते सगळा डेटा हातात आल्यावर, द्राक्षबागेचा स्ट्रेन माडीत सापडल्यावर कळलं. निष्कर्ष फार रोमांचक वाटत होता, म्हणूनच शंका आली. आता आम्ही प्रत्येक प्लेटमध्ये दोन विहिरी कोऱ्या आणि एकीत एस288सी ठेवतो, त्या जागा मध्याभोवती सममित नसतील अशा, आणि प्रत्येक प्लेटला वेगळ्या. प्लेटमागे तीन जागा जातात. 200 स्ट्रेन तीन प्लेटमध्ये तरीही आरामात बसतात. प्लेट भरण्याआधी प्रत्येक नमुना दोनदा रेघून एकल वसाहत घ्या, आणि त्याच वसाहतीतून डीएनएही काढा आणि नवा ग्लिसरॉल साठाही करा. नाहीतर सिक्वेन्स एकाचा आणि फ्रीझरमध्ये दुसराच, असं होतं.

परदेशातल्या स्वस्त केंद्राकडे पाठवायचा मोह होईल. 2002 च्या जैवविविधता कायद्याखाली हे नमुने येतात. चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या परवानगीचा प्रश्न सोडवल्याशिवाय कुरिअर करू नका. देशातच वाचून घेणं या आकाराच्या कामाला सोपं पडतं. डेटा फरिदाबादच्या इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटरमध्ये ठेवता येतो, आणि स्ट्रेन तुमच्याच पुण्यात, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या एनसीआयएम संग्रहात किंवा एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेच्या एनसीएमआर या सूक्ष्मजीव संग्रहात.

आयटीएसच्या जेलपासून सुरुवात करा. सगळे 280 लागतील, चार-पाच दिवसांचं काम आहे. सॅकरोमायसिसच्या पट्ट्याहून लहान पट्टा आलेले बरेच निघाले तर पुन्हा विचारा. त्यांच्यासाठी संदर्भ जीनोम वेगळा घ्यावा लागेल आणि गिगाबेसचा हिशेबही थोडा बदलेल.